फुलांचं प्रदर्शन पितृपक्षात भरवा

डिसेंबरात जरबेराचं फूल कुणाच्याही शेडमध्ये चांगलंच दिसतं. हवा थंड असते, दांडा लांब येतो, रंग भरतो, लग्नाचे मुहूर्त चालू असतात त्यामुळं मार्केटला गड्डीला भावही असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीत आपल्याकडं पॉलिहाऊस (लोखंडी सांगाड्यावर प्लास्टिक ताणलेलं पिकाचं घर), शेडनेट, टिश्यू कल्चरची रोपं, ड्रीप, फॉगर (आत पाण्याचं बारीक धुकं सोडणारे), पाण्यात विरघळणारी खतं या सगळ्याची मोठमोठी प्रदर्शनं भरतात. लोक बसगाड्या करून येतात, पिशवीभर माहितीपत्रकं घेऊन घरी जातात आणि त्यातले काही जण पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत कर्ज काढून मोकळे होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की फुलशेतीचं प्रदर्शन वर्षातून एकदा तरी पितृपक्षात भरवा. ऐकायला विचित्र वाटेल पण मी गंभीरपणे बोलतोय, आणि दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आठ वर्षं चालवून बोलतोय.

आधी माझं सांगतो. आमचं गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, घरची साडेतीन एकर, त्यात कांदा बटाटा. २०१६ च्या डिसेंबरात काकांबरोबर एका प्रदर्शनाला गेलो. मंडपात शिरल्या शिरल्या समोरच जरबेराच्या बादल्या मांडलेल्या, लाल पिवळा पांढरा गुलाबी केशरी, एकेक फूल बशीएवढं. पलीकडं खरंखुरं छोटं पॉलिहाऊस उभं केलेलं, आत फॉगर चालू, लोक आत जाऊन फोटो काढतायत. स्टॉलवरच्या पोरानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि कागदावर हिशोब मांडला. दहा गुंठ्यात सहा हजार रोपं, एका रोपाला वर्षाला चाळीस फुलं धरा, झाली दोन लाख चाळीस हजार फुलं, फुलाला तीन रुपये धरा, झाले सात लाख वीस हजार, वर निम्मी सबसिडी. काकांनी माझ्याकडं बघितलं, मी काकांकडं. आमच्या कांद्यानं त्या वर्षी काय दिलं होतं ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

तो पोरगा खोटं बोलत नव्हता, हे मी आजही म्हणतो. डिसेंबरात तीन रुपये मिळतातच, कधी त्याहून जास्त मिळतात. पण फूल बारा महिने येतं. जरबेरा असा आहे की त्याला भाव नाही म्हणून झाडावर ठेवता येत नाही, उमललेलं फूल बुडातून ओढून काढावंच लागतं नाहीतर झाड थकतं आणि बुरशी लागते. म्हणजे भाव असो नसो, मजुरी रोज आहे. पहिल्या वर्षी मी वहीत रोजची पट्टी, म्हणजे आडत्यानं दिलेला विक्रीचा हिशोब, लिहिली. आखाडात भाव उतरला, श्रावण गणपतीत जरा उठला आणि पितृपक्ष लागला तशी दहा फुलांची गड्डी पंधरा रुपयांवर आली, मग दहावर. आडत, हमाली, टेम्पो, खोका, फुलाला घालायची प्लास्टिकची टोपी हे सगळं वजा केलं की हातात येणारा आकडा लिहायला सुद्धा नको वाटायचा. दोन दिवस तर आडत्याचा सकाळी फोन, माल आणू नका, कालचाच पडलाय. हातात आलेल्या पैशाची वर्षाची सरासरी काढली तर फुलामागं दीड रुपयाच्या आसपास निघाली. हिशोबाच्या कागदावर तीन रुपये होते.

जरबेरा देवाला चालत नाही हे लक्षात घ्या. झेंडू शेवंतीला सणावाराचा आधार असतो, गणपती नवरात्र दसरा दिवाळी. जरबेरा, डच गुलाब, कार्नेशन यांचं सगळं लग्नाच्या स्टेजवर, बुकेवर, हॉटेल आणि कार्यक्रमांच्या डेकोरेशनवर. चातुर्मासात मुहूर्त नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही. हे पुण्यातल्या गुलटेकडीच्या फूलबाजारातला हमालसुद्धा सांगेल, दादरच्या फूलवाल्या मावशी सांगतील, पण प्रदर्शनात हे सांगणारं कोणी नसतं कारण त्यांना तिथं कोणी बोलवतच नाही. मी एवढी प्रदर्शनं बघितली, पाइपवाले असतात, कागदवाले असतात (पॉलिहाऊसवर ताणायच्या २०० मायक्रॉनच्या प्लास्टिक फिल्मला आम्ही कागदच म्हणतो), रोपवाले, खतवाले, बँकवाले असतात, फूल विकत घेणारा मात्र एकाही स्टॉलवर दिसला नाही. दिल्लीच्या गाझीपूर मंडीत आपल्याकडची फुलं जातात, तिथला एखादा व्यापारी आणून बसवलाय असं मी तरी कधी बघितलं नाही.

आता पितृपक्षात प्रदर्शन भरलं तर काय होईल बघा. पहिली गोष्ट, पावसाळा नुकताच सरत असतो किंवा चालूच असतो. पॉलिहाऊस खरं कसंय ते तेव्हाच कळतं. गटरमधून पाणी कुठं गळतं, कागदावर शेवाळ किती चढलंय, आतली दमट हवा बाहेर पडते का नाही, फुलावर बोट्रायटिस बुरशीचे ठिपके किती, गुलाबाला डाऊनी रोग आलाय का. डिसेंबरात बादलीत ठेवलेल्या फुलावरून यातलं काहीच दिसत नाही. दुसरी गोष्ट, भाव तळाला असतात, म्हणजे स्टॉलवर जो हिशोब मांडला जाईल तो वर्षातल्या सगळ्यात वाईट पंधरवड्यातून सुरू होईल, आणि तिथून वर चढत गेलेला हिशोब शेतकऱ्याला बुडवत नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पितृपक्षात आपल्याकडं कोणी नवीन खरेदी करत नाही. गाडी घेत नाही, सोनं घेत नाही, घराचं बुकिंग करत नाही. मग या पंधरवड्यात कोणी पॉलिहाऊसचा ॲडव्हान्सही देणार नाही. लोक नुसते येतील, बघतील, विचारतील, घरी जाऊन बायकोशी आणि भावाशी बोलतील आणि घ्यायचंच असेल तर दसऱ्याला घेतील. बघणं आणि पैसे देणं यांच्यामध्ये तेवढे दहा-पंधरा दिवस पडले असते तर आमच्या पंचक्रोशीतले निदान तीन-चार सांगाडे आज गंजत उभे नसते असं मला मनापासून वाटतं.

यावर लगेच कोणी म्हणेल की त्या दिवसांत स्टॉल कोण घेणार, कंपन्यांना धंदा पाहिजे. बरोबर आहे, खाजगी आयोजकाला ते परवडणार नाही आणि त्याच्यावर जबरदस्ती करा असंही मी म्हणत नाही. पण इथं सरकारचा पैसा आहे, आणि म्हणूनच हा माझ्या एकट्याच्या वहीतला प्रश्न राहत नाही. एकात्मिक फलोत्पादन अभियानाचे २०१४ चे निकष घ्या. नैसर्गिक हवेशीर पॉलिहाऊस १००८ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे आपले दहा गुंठे, चौरस मीटरला ९३५ रुपये खर्च धरला होता आणि त्याच्या निम्मी सबसिडी होती. जरबेरा-कार्नेशनच्या लागवड साहित्याला चौरस मीटरला ६१० रुपये, त्याच्याही निम्मे. गुणाकार केला तर सांगाड्याचे ९,४२,४८० आणि लागवडीचे ६,१४,८८०, मिळून साडेपंधरा लाखाच्या वर, त्यातले पावणेआठ लाख जनतेचे. एका शेतकऱ्यामागं एवढा पैसा ज्या मांडवात ठरलेल्या सौद्यावर खर्च होतो त्या मांडवात काय सांगितलं जातं याच्याशी सरकारचा संबंध नाही असं कसं म्हणता येईल? शिवाय हे दर २०१४ ला ठरले आणि २०२५ मध्ये सुधारले गेले, मधल्या दहा-अकरा वर्षांत लोखंडाचे भाव कुठल्या कुठं गेले, फरक कोणी भरला तर शेतकऱ्यानं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, पूर्वसंमती घ्या, आधी सगळा खर्च स्वतः करा, मग जागेवर मोका तपासणी, मग अनुदान. तोपर्यंत बँकेचं व्याज चालूच.

आणि त्या साडेपंधरा लाखात काय धरलेलं नसतं तेही ऐका. जमीन सपाट करणं, लाल माती आणि भाताचं तूस आणून बेड भरणं, पाण्याची टाकी, वीज नसली तर जनरेटर, पॅकिंगची शेड. तीन-चार वर्षांनी कागद बदलावा लागतो तो खर्च कोटेशनमध्ये कुठंच नसतो. साधारण तेव्हाच जरबेराची झाडंही म्हातारी होतात, म्हणजे कागद आणि रोपं दोन्हीचा खर्च एकदमच अंगावर येतो. बहुतेक लोक पहिल्या तीन वर्षांत मोडत नाहीत, ते या वळणावर मोडतात. पाण्याचं तर विचारूच नका, मला स्टॉलवर एकानंही विचारलं नाही की तुमच्या विहिरीच्या पाण्याचा ईसी, म्हणजे क्षारांचं माप, किती आहे. क्षारयुक्त पाण्यावर जरबेरा पिवळा पडतो हे मला लागवड केल्यावर सहा महिन्यांनी कळलं, तेही तळेगाव दाभाड्याच्या हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरमध्ये गेल्यावर. ते केंद्र डच सहकार्यातून उभं राहिलंय, प्रत्यक्ष पॉलिहाऊसमध्ये उभं करून शिकवतात, तिथं पाच दिवसांत मला जे कळलं ते दोन प्रदर्शनांत कळलं नव्हतं. चूक माझीही होती, मी आधी बांधलं आणि नंतर शिकायला गेलो. पण ही उलटी चाल फक्त माझी नाही, आमच्या पॉलिहाऊसवाल्यांच्या ग्रुपमधल्या निम्म्या पोरांची तीच गोष्ट आहे.

आपल्याकडं प्रदर्शन म्हटलं की हॉलंडचं नाव निघतंच, डच टेक्नॉलॉजी, डच व्हरायटी, डच एक्सपर्ट. मग हॉलंडचंच बघू. तिथल्या आल्समीर गावच्या फूल उत्पादकांनी १९११-१२ च्या सुमारास आधी काय केलं तर स्वतःचा लिलाव सुरू केला, सहकारी पद्धतीनं. चांगल्या काचघरांच्या आधी नाही म्हणत मी, काचघरं होतीच, पण व्यापारी भाव पाडतात म्हणून सगळे एकत्र आले आणि विक्री हातात घेतली. तिथल्या लिलावाच्या दोन संस्था १९६८ ला एक झाल्या, पुढं वाढत वाढत आज जी रॉयल फ्लोराहॉलंड आहे ती अजूनही उत्पादकांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे. आणि दर नोव्हेंबरला आल्समीरला त्या लिलावाच्या इमारतीतच जो ट्रेड फेअर भरतो त्यात स्टॉलवर उभा असतो तो फूल पिकवणारा, आणि फिरत फिरत येतो तो खरेदीदार. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. आपल्याकडं फूल पिकवणारा हा स्टॉलपुढून फिरणारा गिऱ्हाईक आहे, तिकडं तो स्टॉलचा मालक आहे. सामान विकायची प्रदर्शनं त्यांच्याकडंही आहेत, जर्मनीत एसेनला जानेवारीत मोठं भरतं, त्यात वाईट काहीच नाही, पण विक्रीची बाजू आधी भक्कम असल्यावर सामान घेणारा डोळस असतो. सहकाराच्या बाबतीत तर आपण महाराष्ट्रवाल्यांनी कोणाकडून शिकायची गरज नव्हती, साखर आपण केली, दूध केलं. फुलाचा मोठा लिलाव मात्र बेंगळुरूला उभा राहिला आणि आपण अजून आडत्याच्या पट्टीवर.

अमेरिकेचं उदाहरण अजून जुनं आहे. तिथल्या फूलवाल्यांनी १८८४ ला शिकागोत आपली संघटना काढली, सोसायटी ऑफ अमेरिकन फ्लोरिस्ट्स. दर वर्षी वेगवेगळ्या शहरात त्यांचं अधिवेशन व्हायचं आणि त्याला जोडून काचा, बॉयलर, कुंड्या, कंद, रोपं विकणाऱ्यांची मांडणी असायची. म्हणजे घर उत्पादकांचं आणि विक्रेता पाहुणा. असे लोक वर्षातून एकदा एकत्र बसले की नुसती खरेदी होत नाही, दुखणी पण निघतात. गारांनी काचघरं फुटायची आणि विमावाले दारात उभे करायचे नाहीत, तर १८८७ मध्ये फूलवाल्यांनी स्वतःचाच गारपीट संघ काढला, सगळ्यांनी काचेच्या मापानं वर्गणी भरायची आणि ज्याची फुटेल त्याला द्यायची. १९१० मध्ये पंधरा फूलवाल्यांनी ठरवलं की एका गावातली ऑर्डर तारेनं दुसऱ्या गावातल्या फूलवाल्याला द्यायची, त्यातून पुढं केवढी मोठी यंत्रणा झाली.

गारपिटीचा विषय निघाला म्हणून २०२० सांगतोच. २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. पाडव्यासाठी आणि पुढच्या लग्नसराईसाठी शेड फुलांनी गच्च भरलेली. आम्ही रोज फुलं काढायचो आणि रोज बांधावर टाकायचो, आईनं सुरुवातीचे दोन-तीन दिवस देवघर, उंबरा, तुळस सगळं सजवलं, मग तिलाही ते बघवेना. सव्वादोन महिन्यांनी, ३ जूनला, निसर्ग वादळ आलं. कोकणातून घुसलं ते मावळ, खेड, जुन्नरवरून गेलं आणि जाता जाता पॉलिहाऊसचे कागद उडवून, पाइप पिळून गेलं. माझा कागद सगळा गेला, दोन कमानी वाकल्या. शेजारच्या गावातल्या एकाचं अख्खं अर्धा एकर आडवं झालं. विमा किती जणांचा होता? आमच्या वीस-बावीस जणांत दोघांचा, कारण बाकीच्यांना पॉलिहाऊसच्या सांगाड्याचा विमा काढता येतो हेच घेताना कोणी सांगितलं नव्हतं. बँकेनं पण नाही. एवढ्या प्रदर्शनांमधून एवढे शेतकरी एका छपराखाली येऊन गेले, त्यांना एकदा तरी गोल करून बसवलं असतं आणि विचारलं असतं की वादळ आलं तर आपण काय करायचं, तर १८८७ मधली युक्ती आपल्यालाही सुचली असती, त्यात काही अवघड नाही, भिशी आणि बचतगट चालवणारी माणसं आहोत आपण.

सगळंच वाईट आहे असं नाही. बारामतीला कृषी विज्ञान केंद्रावर जानेवारीत जे भरतं त्यात पिकं जमिनीत उभी असतात, मुळापासून बघता येतं, त्याचा फायदा होतो. मावळातले गुलाबवाले तर माझ्या मते या धंद्यातले खरे मास्तर आहेत. व्हॅलेंटाइनला माल निघावा म्हणून डिसेंबरात कटिंग कधी धरायचं, टॉप सीक्रेट जातीचा गुलाब किती ठेवायचा, ताजमहाल किती, पिवळा गोल्ड स्ट्राइक लोकलला किती चालतो हे सगळं त्यांना पाठ आहे, कारण त्यांनी गट केले, कोल्ड स्टोरेज केलं, एकमेकांच्या शेडमध्ये जाणं ठेवलं. तरी पण १४ फेब्रुवारी वर्षातून एकदाच येतो आणि त्याच्या आठ दिवस आधी माल निघाला किंवा आठ दिवस नंतर निघाला की तोच गुलाब मातीमोल होतो, हे तेच तुम्हाला सांगतील. अशा माणसांना स्टॉल फुकट द्या. ज्यांचं पॉलिहाऊस बंद पडलं त्यांनाही द्या, उलट त्यांना मानानं बोलवा, त्यांची वही मांडू द्या. बंद पडलेला माणूस आज गावात मान खाली घालून फिरतो, त्याला वाटतं आपणच नालायक, आणि त्याच्याकडंच शिकण्यासारखं सगळ्यात जास्त असतं.

एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून सांगतो. एका प्रदर्शनात उद्घाटनाचा स्टेज बघितला, मागची सगळी भिंत फुलांची. जवळ जाऊन हात लावला तर प्लास्टिक. फुलशेतीच्या प्रदर्शनात! त्याच मांडवात पोरं पॉलिहाऊसचं बुकिंग करत होती. ज्या लग्नाच्या स्टेजवर आपला जरबेरा जायचा तिथं आज तेच प्लास्टिक धुऊन धुऊन वर्षभर वापरलं जातं, आपलं मार्केट त्यानं खाल्लं. उत्पादकांच्या संघटनेनं मुंबई हायकोर्टात याचिका केली, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत पण विषय निघाला, त्याचं पुढं काय व्हायचं ते होईल. पण सरकारी अनुदानाच्या जोरावर चालणाऱ्या प्रदर्शनात प्लास्टिकचं एक पाकळीभर फूल लागणार नाही एवढी अट तर कृषी खातं आजच्या आज घालू शकतं, त्याला कोर्टाची वाट बघायला नको.

तशाच आणखी काही अटी घालता येतात. ज्या कंपनीच्या कामावर अनुदान मिळतं तिनं स्टॉलवर किंमत छापील लावायची, कागद बदलायचा खर्च धरून सहा वर्षांची लावायची, आणि पाच वर्षांपूर्वी तिनं उभी केलेली पॉलिहाऊस कोणत्या गावात आहेत त्याची यादी लावायची म्हणजे माणूस मोटारसायकलवर जाऊन बघून येईल. भावाचा हिशोब मांडायचा तर बाजार समितीच्या बारा महिन्यांच्या भावांवर मांडायचा. हे भाव रोज नोंदले जातात, कुठून शोधून आणायचे नाहीत. चांगल्या कंपनीला यात काहीच जड नाही, माझ्या माहितीत असे दोन-तीन जण आहेत जे आत्ताही गिऱ्हाइकाला आधी पाण्याचा रिपोर्ट मागतात आणि रिपोर्ट वाईट आला तर नको करू म्हणून सांगतात. त्यांचा धंदा वाढायला पाहिजे. आज त्यांचं कोटेशन महाग दिसतं म्हणून पोरं दुसऱ्या स्टॉलवर जातात.

गेल्या भाद्रपदात वस्तीवरचा एक पोरगा माझ्याकडं आला, आयटीआय झालेला, हातात प्रदर्शनातलं माहितीपत्रक, सगळीकडं पेनानं खुणा केलेल्या. दादा, करू का विचारत होता. मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, रात्री दोनला टेम्पोत बसवला आणि गुलटेकडीला नेला. सर्वपित्री अमावास्येच्या दोन दिवस आधीची गोष्ट. चार वाजल्यापासून तो गाळ्यांमधून फिरत होता, माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भाव लिहीत होता. सातच्या सुमाराला माझी पट्टी झाली ती त्याला वाचायला दिली. शेवटी उरलेली फुलं ढिगात टाकत होते ते बघत तो बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, ही सगळी आजच काढलेली का? म्हटलं कालची, आजची घरी बादलीत आहेत. परत येताना चाकणपर्यंत तो काही बोलला नाही, चाकणला चहा घेताना त्यानं विचारलं की पाच गुंठे केलं तर कागदाचा खर्च किती येईल, आणि पांढरा जास्त लावला तर पावसाळ्यात बोट्रायटिसचा त्रास वाढतो का. असे प्रश्न मला २०१६ ला सुचले नव्हते. त्यानं अजून बुकिंग केलेलं नाही, विहिरीचं पाणी तेवढं तपासायला दिलंय.